चौदा तुकड्यांचा बायपास संच : कामाचे चारच

किल्लीशिवाय कुलपं उघडायचा हा संच. काळ्या रेक्झिनच्या घडीच्या पाकिटात चौदा तुकडे येतात. कडीच्या बाजूने आत सरकवायच्या चार शिम, वॉर्डेड (आत नुसते पत्र्याचे अडसर असलेल्या) कुलपांच्या पाच मास्टर किल्ल्या, दोन कंगवे, वाकड्या टोकाची एक सळी आणि आकड्यांच्या कुलपांसाठी दोन पातळ पट्ट्या. सांगलीत गणपती पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात असलं काही मागितलं तर दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, मग शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्यामुळे कुरियरशिवाय पर्याय नाही. किंमत हजाराच्या थोडी वर. निकाल आधीच सांगून टाकतो: चार तुकडे ठेवण्यासारखे, चार घासूनपुसून चालवून घेण्यासारखे, उरलेले सहा भंगार.

बायपास म्हणजे काय, हे नव्या माणसासाठी दोन ओळींत. पिकिंग करणारा एकेक पिन उचलून जागेवर बसवतो. त्याला हात बसावा लागतो, वेळही जातो. बायपासवाला पिनांच्या वाटेला जातच नाही. कुलूप बंद राहतं ते आतल्या एका खिटीमुळे. ती खिटी कडीच्या खाचेत अडकलेली असते आणि किल्लीचं सगळं काम शेवटी तिला मागे ओढण्यापुरतं असतं. किल्लीला वगळून त्या खिटीपर्यंत पोचायची वाट सापडली, की पिन पाच आहेत की सात याला काही अर्थ उरत नाही. स्वस्त कुलपात अशी वाट जवळजवळ नेहमी असते, कारण ती बुजवायला एखादी चकती जास्त लागते आणि ती चकती पैसे खाते.

चाचणीला घेतलेली कुलपं आपल्याकडे घरोघरी दिसतात तीच. पितळी रंगाची २५, ३२ आणि ४० मिलीमीटरची पिनांची कुलपं, पत्र्यांच्या थरांचं एक, ट्रंकेला लावतात ते छोटं वॉर्डेड, ५० आणि ६५ मिलीमीटरची लिव्हरची (आत पिनांऐवजी किल्लीने उचलायच्या पत्र्याच्या पट्ट्या), बॅगेचं तीन आकडी, सायकलच्या केबलचं चार आकडी आणि लोखंडी टेबलाच्या ड्रॉवरचं. कुलपांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. एकाच साच्यातून निघालेलं कुलूप तीन वेगळ्या नावांनी एकाच दुकानात टांगलेलं असतं, आणि त्याच नावाच्या पुढच्या खोक्यात आतला माल बदललेला असतो. नावापेक्षा आतली रचना ओळखता आलेली बरी.

सुरुवात शिमपासून, कारण या संचाची जाहिरात त्यांच्याच फोटोवर चालते आणि संचातला सर्वांत वाईट माल तोच आहे.

शिम म्हणजे पातळ पत्र्याची जीभ, वर धरायला दोन पंख. जीभ कडीच्या गोलाईला लपेटून कडी आणि कुलपाचं भोक यांच्यामधल्या फटीतून खाली सरकवायची, मग पंख धरून फिरवायची, म्हणजे जीभ खिटीच्या उताराखाली जाऊन तिला मागे रेटते. फट असते किती? ३२ मिलीमीटरच्या स्वस्त कुलपात कडी साधारण ५ मिलीमीटर जाडीची, आणि तिच्या एका बाजूला सुटणारी जागा मिलीमीटरच्या दोन-तीन दशांशांइतकी. अशा फटीत ०.१० मिलीमीटरचा पत्रा फिरतो, ०.१५ चा कुरकुरत जातो. संचातल्या शिम वर्नियरने मोजल्या तर ०.२० भरतात, वर कडांना पंचिंगची धार तशीच सोडलेली. २५ आणि ३२ च्या कुलपांत त्या शिरल्याच नाहीत. ४० च्या कुलपात शिरल्या, फिरवताना एक कोपऱ्यात चिरली आणि चिरलेला तुकडा आत राहिला. तो काढायला कुलूप उलटं धरून टेबलावर आपटावं लागतं, तरी निघेल याची खात्री नाही.

त्यापेक्षा दुचाकीच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला जे फीलर गेज वापरतात, त्यातलं ०.१० चं पातं चांगलं. पोलाद कडक असतं, वाकवलं तर परत सरळ होतं. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्राही जाडीने जवळपास तेवढाच असतो, पण ॲल्युमिनियम मऊ. एकदा, फार तर दोनदा चालतं आणि मग जीभ सुरळीसारखी गोळा होते. हौस म्हणून कॅनचा पत्रा ठीक. विकत घेतलेल्या संचात त्याच्याहून वाईट काही असू नये एवढी माफक अपेक्षा होती.

शिम घालताना चूक होते ती नेहमी एकाच जागी. माणूस सवयीने कडी वर ओढून धरतो. ओढली की खाच खिटीवर दाबून बसते आणि शिमला जायला जागाच राहत नाही. कडी उलट खाली दाबून धरायची, म्हणजे खिटी सैल होते. शिम पूर्ण आत गेल्यावर मगच ओढायची. दुसरी गोष्ट: खिटी एका पायाला आहे की दोन्ही पायांना, ते आधी ठरवायचं. दोन्हीकडे असेल तर शिमही दोन लागतात, आणि एक फिरवताना दुसरी निसटते. हात दोनच असल्याने इथे कुलूप पकडून ठेवायला व्हाइस हवाच.

अशा पिनांच्या एखाद्या कुलपाचं कलेवर कापून बघण्यासारखं आहे. बुडाशी चार टिकल्या दिसतात, त्या ठोकून बसवलेल्या पितळी खुंट्या. कानशीने त्यांची डोकी उडवली की वरून पिन आणि बारीक स्प्रिंगा बाहेर पडतात. कडीच्या आडव्या भोकात सापडते ती खिटी: तांदळाच्या दाण्याएवढी, एका अंगाला तिरकी तासलेली, मागे केसासारखी बारीक स्प्रिंग. तिच्यावर बोट ठेवून हलकंच दाबलं तरी ती आत जाते. अख्खं कुलूप एवढ्यावर उभं आहे. वरचा पितळेचा ठोकळा कितीही जड असला तरी खिटी तीच, आणि गिऱ्हाईक वजन हातात तोलून कुलूप घेतं हे कारखान्याला पक्कं माहीत असतं.

मग न फसणारं कुलूप दुकानात ओळखायचं कसं? किल्ली न लावता नुसती कडी दाबून खटकन बसणारं कुलूप शिमला बळी पडण्याची शक्यता फार. पण खटका ही शेवटची परीक्षा नव्हे. छर्ऱ्यांची काही कुलपंही दाबून बसतात. म्हणून कडी उघडून तिच्या पायांवरची खाच बघायची. खाच एकाच पायाला, सपाट कापलेली, आणि समोरच्या भोकात तिरकी खिटी डोकावत असेल तर ते शिमचं गिऱ्हाईक. खाच दोन्ही पायांना, अर्धगोल, आणि भोकात गोल छर्रा दिसत असेल तर ते शिमला दाद देत नाही, कारण छर्ऱ्याला मागे सरकायला जागाच नसते. किल्लीने मधला दांडा फिरला तरच ती जागा तयार होते. बहुतेक वेळा अशा कुलपातून उघड्या अवस्थेत किल्ली बाहेर निघत नाही. गिऱ्हाइकाला ती कटकट वाटते, पण तीच खूण चांगली.

आता किल्ल्यांकडे. वॉर्डेड कुलूप म्हणजे आत पिन नाहीत, लिव्हर नाहीत; नुसते पत्र्याचे अडसर. किल्लीच्या दोन्ही बाजूंना सारख्या खाचा दिसल्या आणि किल्ली उलटीसुलटी कशीही बसत असली, की समजायचं बहुधा वॉर्डेड आहे. किल्लीवरच्या खाचा फक्त त्या अडसरांना चुकवायला असतात. काम करतं ते टोकाचं रुंद बोट, जे आतली पत्र्याची चिमट्यासारखी स्प्रिंग फाकवतं. मग मधला सगळा भाग तासून टाकला आणि टोक ठेवलं तर अडसर कुठेही असोत, किल्ली चालते. संचातल्या पाच किल्ल्या म्हणजे ही एकच कल्पना पाच मापांत.

पाचपैकी दोन सुरेख आहेत. टोक चौकोनी, कडा गुळगुळीत, धरायला पुरेशी मूठ. ट्रंकेचं कुलूप घातल्याबरोबर उघडलं, थरांचं कुलूप दोन ठिकाणी थांबून. दोन जागी का, तर त्यात दोन स्प्रिंगा आहेत, कडीच्या प्रत्येक पायाला एक, आणि त्या वेगवेगळ्या खोलीवर बसतात. एकच बोट असलेल्या किल्लीने एक स्प्रिंग फाकते, दुसरी धरून ठेवते. तिथे दोन बोटांची किल्लीच हवी. तिसरी किल्ली अर्ध्या मिलीमीटरने रुंद आहे, बारीक कानस आणि नंतर पॉलिश पेपर मारल्यावर बसते. उरलेल्या दोन इतक्या मऊ पत्र्याच्या आहेत की गंजलेल्या कुलपात फिरवताच पिळवटल्या. गंजाचं कुलूप आधी तेल सोडून अर्धा तास ठेवायचं आणि मगच किल्लीला जोर लावायचा, हा नियम चांगल्या किल्लीलाही लागू. आत मोडलेलं बोट काढणं हे कुलूप उघडण्यापेक्षा मोठं काम होऊन बसतं.

कंगवा हा या छंदातला सर्वांत मजेशीर तुकडा. पिनांच्या कुलपात प्रत्येक भोकात खाली किल्लीची पिन, वर दुसरी पिन, त्यावर स्प्रिंग. किल्ली या जोड्या नेमक्या फिरणाऱ्या नळीच्या कडेवर आणून थांबवते. कंगवा तसं काही करत नाही, तो सगळ्या जोड्या एकदम उचलून पूर्ण वरच्या भोकात कोंबतो. नळी रिकामी झाली की ती फिरते. हे शक्य होतं ते वरची भोकं गरजेपेक्षा खोल पाडलेली असतात म्हणून. दोन्ही पिना आणि दबलेली स्प्रिंग मावेल एवढी जागा वर नसेल तर कंगवा निकामी. चांगला कारखाना ते भोक मोजून पाडतो किंवा स्प्रिंगच्या आत मावणारी लांब पिन टाकतो. स्वस्त माल काढणारा कारखाना ड्रिल जिथवर जाईल तिथवर जाऊ देतो.

दात आणि पिना यांची अंतरं जुळणं हे दुसरं कोडं. संचातल्या एका कंगव्याचे दात ३.५ मिलीमीटरवर, दुसऱ्याचे ४ च्या आसपास. ४० मिलीमीटरच्या कुलपात पहिला बसला, ३२ च्यात कुठलाच नाही. आणि दोन्हींच्या दातांना खालच्या अंगाला कापताना राहिलेला खरवडा तसाच आहे. तो किल्लीच्या फटीला घासून पितळेची भुकटी पाडतो आणि भुकटी पिनांत अडकते. बाराशे नंबरचा पॉलिश पेपर पट्टीला गुंडाळून प्रत्येक दाताच्या दोन्ही बाजूंनी दहा-बारा हात मारले की सरळ होतं. एका कंगव्याला पंधरा मिनिटं. विकणाऱ्याने हे करून द्यायला हवं होतं.

वापरताना कंगवा पूर्ण आत, मग सरळ वर, आणि नळीवर फिरवायचा ताण अगदी करंगळीच्या वजनाचा. ताण आधी दिला तर पिना वाटेतच चावतात. कुलूप उघडल्यावर नळी अर्धी फेरी फिरवून तिथे सोडायची नाही, नाहीतर वरच्या पिना किल्लीच्या फटीत उतरतात आणि नळी उलटी अडकून बसते. असं झालंच तर एक पातळ सपाट पट्टी फटीच्या तळाशी सरकवून पिना वर दाबायच्या आणि तशीच परत फिरवायची. नव्या माणसाची इथेच त्रेधा उडते, कारण आता किल्लीही आत जात नाही.

वाकड्या टोकाची सळी दिसायला सर्वांत फालतू. १ मिलीमीटरच्या तारेला शेवटी अडीच मिलीमीटरचा काटकोन, बस्स. संचातला सर्वांत उत्तम तुकडा हाच निघाला. काही स्वस्त कुलपांत किल्लीची फट नळीच्या मागच्या टोकापर्यंत आरपार उघडी असते. सळी पिनांच्या खालून सरकवत थेट मागे न्यायची. शेवटच्या पिनेच्या पलीकडे ती मोकळी पडते आणि टोकाला खिटी किंवा खिटी ओढणारा दांडा लागतो. ती ढकलली की नळी जागची हलत नाही आणि कडी मात्र उडते. चाचणीतली पितळी रंगाची दोन कुलपं अशी उघडली. तिसऱ्यात सळी खट्टकन थांबली, कारण नळीच्या मागे पत्र्याची एक चकती ठोकलेली होती. सुरुवातीला म्हटलं ती हीच, पैसे खाणारी चकती. तारेचा कडकपणाही नेमका आहे, वाकते पण मोडत नाही. एकच तक्रार: मुठीला घातलेली प्लॅस्टिकची नळी सरकते. त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला की काम झालं.

आकड्यांच्या पट्ट्यांपैकी पातळ ती उत्तम, जाड ती फट मोठी असलेल्या सायकलच्या कुलपापुरती. बॅगेच्या तीन आकडी कुलपाला एकूण जुळण्या १०००, एकेक फिरवत बसलं आणि प्रत्येकीला दोन सेकंद धरले तर अर्ध्या तासाच्या थोडं पुढे. पट्टीने तेच काम दोन-तीन मिनिटांत होतं. चाकाच्या बाजूच्या फटीत पट्टी टेकवून चाक हळू फिरवायचं. आतल्या गोल चकतीला एके ठिकाणी सपाटी किंवा खाच असते. ती आली की पट्टी किंचित खाली उतरते. तिन्ही चाकांची सपाटी पट्टीखाली आणायची. समजा आकडे आले ३-८-१. ही जुळणी असेलच असं नाही, कारण तुम्ही चाचपली ती बाजू आणि खिटी जाते ती बाजू यांत अंतर असतं. पण ते अंतर तिन्ही चाकांना सारखंच. म्हणून तिन्ही एकदम एकेक घर पुढे सरकवायची: ४-९-२, ५-०-३, असं. दहा घरांत कुठेतरी कडी सुटते. गंमत म्हणजे काही कुलपांत फसव्या उथळ खाचाही कोरलेल्या असतात. तिथे पट्टी जिथे सर्वांत खोल उतरते ती खरी.

सायकलच्या केबलच्या चार आकडीला पट्टीची गरजही पडली नाही. दोन्ही टोकं हलकी ताणून धरली की एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जड फिरतं. ते फिरवत न्यायचं, एका घरावर ताण किंचित सुटतो. मग पुढचं जड चाक. दहा हजार जुळण्या हा आकडा खोक्यावर छापायला छान.

बॅगेच्या बऱ्याच कुलपांना शेजारी एक किल्लीचं भोकही असतं, विमानतळावरच्या तपासणीसाठी. त्या मास्टर किल्ल्यांचा फोटो २०१४ मध्ये एका अमेरिकी वर्तमानपत्रात छापून आला आणि २०१५ मध्ये त्यावरून थ्रीडी प्रिंटरसाठीच्या फायली सगळीकडे फिरल्या. तेव्हापासून ते भोक म्हणजे शोभाच. सांगलीहून मुंबईच्या गाडीत सीटखाली बॅग ठेवणाऱ्याला या कुलपाचा उपयोग चेन आपोआप उघडू नये एवढाच.

संचात काय नाही ते जास्त बोलकं आहे. ड्रॉवर, टपालपेटी आणि लोखंडी कपाटातला आतला कप्पा यांची कुलपं बहुतेक पातळ पत्र्याच्या वेफरची. त्यांच्यासाठी नागमोडी किल्ल्यांचा जुडगा लागतो, जिगलर म्हणतात तो. घालून वरखाली हलवत फिरवायचं. आपल्याकडे ऑफिसांत सर्वांत जास्त सापडणारं कुलूप हेच आणि संचात त्याची एकही किल्ली नाही.

आणि लिव्हर. इथे हा संच पूर्ण गप्प बसतो. तो बनवणाऱ्याने ज्या देशाची कुलपं समोर ठेवली तिथे पिनांची चलती आहे. अमेरिकी कुलूपकार लायनस येलच्या पिनांच्या कुलपाचं १८६१ चं पेटंट तिथल्या बाजाराने उचललं. आपल्याकडे दुकानाचं शटर, मार्केट यार्डातलं हळदीचं गोदाम, वाड्याचा दिंडी दरवाजा, सगळीकडे लिव्हर. ही रचना त्याहून जुनी, इंग्लंडच्या रॉबर्ट बॅरनच्या १७७८ च्या पेटंटातली. अलीगढ आणि दिंडीगुल या दोन गावांनी तिच्यावरच पिढ्या काढल्या. दिंडीगुलच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. किल्लीने लावायच्या लिव्हरच्या कुलपात जाडजूड बोल्ट असतो, त्याला स्प्रिंगचा उतार नसतो. शिमने ढकलायला काही नाही, कंगव्याने उचलायला पिना नाहीत, सळीला मागे वाट नाही. ५० आणि ६५ ची दोन्ही कुलपं या चौदा तुकड्यांसमोर ढिम्म राहिली.

म्हणून लिव्हर म्हटलं की डोळे मिटून घ्यावं असंही नाही. दाबून बसणारी लिव्हरची कुलपंही बाजारात आहेत आणि त्यांची खिटी पुन्हा तिरकीच. अंगावर कोरलेल्या लिव्हरच्या आकड्यावर न जाता किल्लीचा दात बघायचा. प्रत्येक लिव्हरला किल्लीवर एक पायरी असते. पायऱ्या मोजा, त्यांच्या उंच्या बघा. पाच पायऱ्यांपैकी चार एकाच उंचीच्या असतील तर पाच लिव्हर असूनही कुलूप एक-दोन लिव्हरइतकंच हुशार. आणि डझनाचं खोकं घेत असाल तर दुकानातच चार किल्ल्या चार कुलपांना फिरवून बघा. स्वस्त मालात किल्लीचे प्रकार मोजकेच असतात, एकाची किल्ली दुसऱ्याला लागणं नवलाचं नाही. मळ्यात विहिरीवरची मोटारीची पेटी, शेजारच्याची मोटारीची पेटी आणि पलीकडची द्राक्षबागेतली औषधाची खोली यांना एकाच खोक्यातली कुलपं लागलेली असतात, हे विसरू नका.

सांगलीत कुलपाचा खरा शत्रू वेगळाच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी जिथे जिथे शिरलं तिथली कुलपं नंतर अशी काही बसली की किल्लीवाल्यांनाही कापावी लागली. गाळ सुकला की खिटी अर्ध्यावर अडकते. कडी बाहेरून बसलेली दिसते, पण खिटी खाचेत पूर्ण उतरलेली नसते. अशा कुलपाला बायपासची गरजच नाही, हिसका पुरतो. पूर ओसरल्यावर कुलूप आधी स्वच्छ पाण्याने किल्लीच्या भोकातून धुवायचं, मग पाणी हटवणारा स्प्रे, वाळल्यावर ग्रॅफाइटची चिमूटभर पावडर. खोबरेल तेल घालू नका. ते थंडीत गोठतं आणि हळदीची किंवा बेदाण्याच्या शेडमधली धूळ त्यात बसून लगदा होतो. मार्केट यार्डातल्या जुन्या कुलपांतून निघणारा पिवळा गोळा हाच.

संच हाताळणाऱ्यांनी एक कलम पाठ करावं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१, कलम १२२. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं हत्यार योग्य कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे. आमचा छंद आहे साहेब, हे रात्री अकराला मिरज रोडवर पटवून देणं अवघड. पाकीट घरात, बिल पाकिटात, आणि कुठे न्यायचंच असेल तर दिवसा, सोबत ज्यांच्यावर सराव करायचा ती स्वतःची कुलपं घेऊन. छंदवाल्यांमधला जुना दंडकही पाळावा: जे कुलूप आपलं नाही त्याला हात नाही, आणि जे रोज वापरात आहे ते आपलं असलं तरी नाही. दुसरा नियम निव्वळ व्यवहाराचा आहे. शिम आत मोडली तर घराबाहेर तुम्हीच उभे.

मग घ्यावा का? अख्खा संच, या किमतीला, नाही. सळी, एक पातळ पट्टी आणि वॉर्डेडच्या दोन किल्ल्या सुट्या मिळाल्या तर डोळे झाकून घ्या. शिम फीलर गेजच्या पात्याच्या करा. कंगवा दुसरीकडून घ्या आणि घेताना दातांमधलं अंतर विचारा. ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडून नको. उरलेल्या पैशांत दहा-बारा स्वस्त कुलपं येतात, आणि तुकड्यांपेक्षा सरावाला कुलपंच जास्त लागतात. पाच ताऱ्यांपैकी दोन, त्यातला एक पूर्ण त्या सळीचा.

ता. क. खराब शिम आणि पिळवटलेल्या किल्ल्यांचे फोटो विकणाऱ्याला पाठवले होते. बदली म्हणून तशाच चार शिम आल्या, या वेळी ०.२२ च्या.